नवसाबाईपासून पुढे

त्या सकाळी गणेशवाडीच्या फूलबाजारात भागीबाईच्या झेंडूला गिऱ्हाईक कमी आणि खुद्द भागीबाईला जास्त होतं. शेजारच्या गोजराबाईने आपली शेवंतीची पाटी वाऱ्यावर सोडली होती आणि हातात मोबाईल धरून ती येईल त्याला थांबवत होती. "जरा ऐका तरी. ही हिची पोरगी गातेय." मोबाईलमधून ड्रम धडधडत होता, गिटार करवतीसारखी करकरत होती, आणि त्या सगळ्या गलक्यातून सायलीचा आवाज सरळ वर निघत होता.

तोड गं बाई, देठ राखून तोड,
उद्याच्या कळीला आजची ओढ.

सायली म्हणजे भागीबाईची एकुलती एक लेक. पाच दिवस सातपूरच्या कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसायची आणि शनिवार-रविवार 'दहावा मैल' नावाच्या रॉक बँडमध्ये गायची. बँडची तालमीची खोली हायवेवर दहाव्या मैलाला होती, म्हणून ते नाव. आधीची चार गाणी कुणी विचारली नव्हती. हे पाचवं मात्र पंधरा दिवसांत नाशिकभर झालं. रिक्षात तेच, जिममध्ये तेच, कुणाच्या फोनची रिंगसुद्धा तीच.

"खाली काय लिहिलंय ते वाच की," गोजराबाईने एका हार नेणाऱ्याला दम दिला. त्याने बिचाऱ्याने वाचलं. "मूळ गाणं : भागीबाई कोंडाजी काकड, मखमलाबाद. संगीत : दहावा मैल."

भागीबाईने मान खाली घालून झेंडूवर पाणी मारलं. कोरड्या फुलांवरही मारलं आणि ओल्यांवरही. आयुष्यात रेशनकार्ड आणि मतदार यादी सोडून तिचं नाव कुठे छापून आलं नव्हतं. छाती अशी भरून आली की शेवटचे दोन क्रेट तिने पडत्या भावात देऊन टाकले आणि वर मूठभर फुलं फुकट घातली.

आता खरं सांगायचं तर ते गाणं भागीबाईचं नव्हतं. हे नाशकात एकट्या भागीबाईला ठाऊक होतं.

संध्याकाळी सायली घरी आली ती दिनेशला घेऊनच. दिनेश बँडचा गिटारवाला. हाडाचा सज्जन, पण वाद घालायला बसला की चहा गार करणारा.

"काकू, तुमच्या नावासाठी या बाईने माझं डोकं खाल्लं," तो म्हणाला. "मी म्हणत होतो, नुसतं 'पारंपरिक' टाकू. रॉकमध्ये हे चालतंच. जगातले मोठमोठे बँड उभे राहिले ते शेतात राबणाऱ्यांच्या गाण्यांवर. कुणी नाव दिलं, कुणी दिलं नाही, कुणाला कोर्टात जाऊन मिळवावं लागलं."

"पारंपरिक म्हणजे कुणाचंच नाही," सायली म्हणाली. "आणि हे माझ्या आईचं आहे. पाळण्यात होते तेव्हापासून ऐकतेय मी." मग आईकडे वळून म्हणाली, "रविवारी गंगापूर रोडच्या मैदानावर शो आहे. तुला स्टेजवर बोलावणार आहोत. शाल, नारळ, सगळं. मी सगळ्यांना सांगणार, हे गाणं कुणाचं आहे ते."

लेकीच्या डोळ्यांत असं काही होतं की भागीबाईच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. "चहा आणते," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

एकोणिसाव्या वर्षी ती लग्न होऊन मखमलाबादला आली तेव्हा तिला फूल तोडायचं कसं हेही माहीत नव्हतं. देठाशी हिसका द्यायची, शेजारची कळीही हातात यायची, आणि सासू बांधावरून बघत असायची. तोडणीला हरसूलकडून बायकांची टोळी यायची, हंगामभर मळ्यातच राहायची. त्यातल्या कुसाबाईने हिला आपल्या सरीत घेतलं. गाण्याच्या ठेक्यावर हात बसवून दिला. ठेका चुकला की देठ तुटायचा, ठेका धरला की कळी वाचायची.

त्या टोळीची एक रीत होती. गाणं संपलं की एका सरीतून विचारायचं, गाणं कुणाचं? दुसऱ्या सरीतून ज्या बाईपासून ते आलं तिचं नाव यायचं. मग, तिनं दिलं कुणाला? मग पुढचीचं. नावं संपली की तोडणी संपली. आणि एक नेम पक्का होता. स्वतःचं नाव स्वतः घ्यायचं नाही. आपलं नाव दुसरीने घेतलं तर आलं, नाही तर नाही.

कुसाबाईचे गुडघे गेले, टोळी यायची बंद झाली. पुढे जावेच्या लेकीच्या हळदीत भागीबाईने ते गाणं म्हटलं. बायका खूश. मळ्यात टोळी काय गाते याकडे घरच्या कुणी कधी कान दिला नव्हता. कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, तू रचलंस?" घरात सासूपासून नणंदेपर्यंत सगळ्यांसमोर पहिल्यांदाच हिचं कौतुक होत होतं. ती हो म्हणाली नाही. नुसती हसली. पण त्या दिवसापासून नावांचं ते शेवटचं कडवं तिने गाळलं, कारण ते म्हटलं की उघडं पडलं असतं. सायलीने पाळण्यात ऐकलं ते गाणं शेंडा खुडलेलंच होतं.

रात्री तिने नवऱ्याला सांगून पाहिलं. कोंडाजी म्हणाला, "तीस वर्षं झाली. कोण येतंय विचारायला? झोप."

तिसऱ्या दिवशी भागीबाई हरसूलच्या एसटीत बसली. वाघेऱ्याचा घाट संपेपर्यंत ती पहिलं वाक्य मनात जुळवत होती.

बाजाराचा दिवस होता. कुसाबाई गोणपाटावर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, ढीग मांडून बसली होती. केस पार पांढरे, आवाज मात्र तोच घोगरा. भागीबाई समोर जाऊन उभी राहिली. कुसाबाईने वर पाहिलं, क्षणभर निरखलं.

"ये भागे. बस. माझ्या नातवानं, बहिरूनं, मोबाईलवर लावलं होतं. तुझ्या पोरीचा गळा लय चांगला हाय."

भागीबाईला वाटलं, शिवी दिली असती तरी बरं झालं असतं. "आक्का, माझं चुकलं," ती म्हणाली. "तुझं नाव मी घेतलं नाही."

"माझं जाऊ दे. मी अजून जित्ती हाय. बाजारात चार जण वळखतात." कुसाबाईने नागलीवरून हात फिरवला. "पण नवसाबाईचं काय? माझी आत्या. गाणं तिचं. तिला पोर नाय, बाळ नाय. फोटो नाय. मी तुला शिकवलं ते गाणं नव्हतं भागे, तिचं नाव शिकवलं होतं. ते तू तुझ्यापाशीच खुडलंस."

भागीबाईला रडू आलं. भर बाजारात, नागलीच्या ढिगापुढे, पदर तोंडाला लावून ती रडली. कुसाबाईने तिला रडू दिलं. मग चहा मागवला.

"रविवारी ये आक्का. मी सगळ्यांपुढं सांगते."

"स्टेजवर नाय चढायची मी. खाली बसून ऐकीन."

कुसाबाईला सांगणं एक वेळ सोपं होतं. लेकीला सांगणं कठीण गेलं. शनिवारी तालमीच्या खोलीत भागीबाईने सगळं सांगितलं, हळदीतल्या हसण्यासकट. सायली उभीच राहिली.

"मी तुझ्यासाठी सगळ्यांशी भांडले, आई," ती म्हणाली. "आणि तू चहा करत बसलीस."

दिनेश इतका वेळ गिटारच्या तारेशी चाळा करत होता. तो हळूच म्हणाला, "काकू, ते शेवटचं कडवं म्हणून दाखवता?"

तिने दाखवलं. विचारणारी तीच, सांगणारी तीच, आणि कुसाबाईच्या नावापाशी ती थांबली. मग दिनेश म्हणाला, "गाण्याला शेवट सापडत नव्हता म्हणून मी तिथं दोन मिनिटं गिटार बडवलीय. शेवट इथं होता."

सायलीने नाक पुसलं. "पुढे तुझं नाव येतं ना?"

"माझं नको. मी मोडलंय ते. कुसाबाईपाशी थांबायचं," भागीबाई म्हणाली, आणि तसं ठरलं. त्याच बैठकीत दिनेशने मोबाईलवर गाण्याखालची नावाची ओळही बदलली.

रविवारी मैदान गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत मखमलाबादचं अर्धं गाव, त्यात गोजराबाई केसात स्वतःच्याच पाटीतली शेवंती माळून, आणि तिच्या शेजारी काठी धरून कुसाबाई. भागीबाई स्टेजवर माईकपुढे उभी राहिली आणि तो तिने दोन्ही हातांनी धरला.

"हे गाणं मी रचलं नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी गप्प बसले. आता ज्याचं त्याला देते." खाली कुजबुज झाली. कोंडाजीने मान खाली घातली. भागीबाईने लेकीकडे पाहून मान हलवली.

गाणं झालं. ड्रम एकदम थांबला. सायलीने माईकवर विचारलं, "गाणं कुणाचं?"

"नवसाबाईचं," भागीबाई म्हणाली. हरसूलबाहेर कुणाच्याच लक्षात नसलेलं ते नाव मोठमोठ्या स्पीकरमधून मैदानभर गेलं.

"नवसाबाईनं दिलं कुणाला?"

"कुसाबाईला."

कुसाबाई हलली नाही. काठीवरची बोटं तेवढी घट्ट झाली.

ठरल्याप्रमाणे इथं थांबायचं होतं. दिनेशने तारेवर हात ठेवलाही. पण मैदानातल्या पोरांना रीत कळली होती. त्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं. मागच्या बाजूने कुणीतरी सुरुवात केली आणि बघता बघता सगळ्या मैदानाने एका ठेक्यात विचारलं, "कुसाबाईनं दिलं कुणाला?"

भागीबाई गप्प. स्वतःचं नाव घ्यायचं नाही, हा एक नेम तरी तिने मोडला नव्हता. मैदानाने पुन्हा विचारलं. सायलीने आईकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

पहिल्या रांगेत कुसाबाई काठी टेकत उभी राहिली. सायलीने वाकून माईक तिच्या तोंडाशी धरला.

"भागीला," कुसाबाई म्हणाली. "माझ्या हातानं दिलं. भागीला."

गोजराबाईने सगळ्यात मोठ्यांदा शिट्टी मारली. एवढी शिट्टी तिला येते हे फूलबाजारात कुणालाच माहीत नव्हतं. भागीबाईला समोरचं धूसर दिसत होतं, पण मान खाली घालावीशी वाटली नाही. फूलबाजारातली भरलेली छाती आणि ही भरलेली छाती, दोन्हींतला फरक तिला नेमका कळत होता. त्या दिवशी कुणी विचारेल म्हणून मनात धाकधूक होती, आज सगळं मैदान विचारत होतं.

"भागीनं दिलं कुणाला?"

ती माईकजवळ सरकली. देठ राखून फूल तोडावं तसं तिने लेकीचं नाव सावकाश, अख्खं घेतलं.