गुडघ्यातली शक्ती

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. शिवणकाम करून पोट भरणारी माझी थोरली बहीण समोरच्या खुर्चीवर सुजलेला गुडघा उघडा टाकून बसली होती; मी तिच्या शेजारी उभा होतो. उबेने दुखणी बरी करतो म्हणवणाऱ्या ऊबबाबाने त्यावर मंतरलेलं पाणी चोळलं, डोळे मिटले आणि आरोळी ठोकली, "ये शक्ती, ये! सांध्याचं कुलूप उघड!"

बघता बघता गुडघा लालबुंद झाला. गर्दीने श्वास रोखला.

"गरम लागतंय रे!" ताईने माझा हात घट्ट धरला. "ठणकाही कमी झालाय."

"होणारच!" बाबा गरजला. "रक्त माझं ऐकतं, माई! आता गोळ्या बंद. शक्ती आणि गोळ्या एका घरात नांदत नाहीत."

घरी मी भांडलो. ताई म्हणाली, "तुझं दुखत नाही ना, मग गप्प बस." संधिवाताच्या गोळ्या कपाटात गेल्या, बाबाची बाटली उशाशी आली.

हिवाळा सरता सरता गुडघा वाकेनासा झाला. मशीनच्या पायट्यावर पाय ठरेना. मग ती स्वतःच म्हणाली, "चल, दवाखान्यात जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला. मग त्यांनी ताईने सोबत आणलेली बाबाची बाटली हुंगली आणि दोन थेंब ताईच्या धडधाकट मनगटावर चोळले. मंत्र नाही, आरोळी नाही. तरी मनगट लाल झालं, तापलं.

"मिरचीचा अर्क आहे," त्या म्हणाल्या. "त्याने कातडीतल्या मज्जातंतूंची टोकं चिडतात, रसायनं सोडतात. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त धावतं. सांध्यातल्या रक्तवाहिन्या कधी आवळायच्या, कधी सैल सोडायच्या, हेही मज्जातंतूच सांभाळतात. बाबाला कोण विचारतो? चिडून चिडून ती टोकं थकतात, म्हणून दुखणं थोडा वेळ बोथट होतं. आत सूज मात्र सांध्याची गादी खात राहिली."

"आता गोळ्या घेतल्या तर?"

"दुसरा गुडघा वाचेल."

ताई रडली नाही. मनगटाकडे बघत म्हणाली, "एवढंच होतं होय?"

पुढच्या बैठकीला ती काठी टेकत गेली. खुर्चीवर एक तरुण मुलगी बसली होती. ताईने बाबाच्या हातातली बाटली ओढली आणि पहिल्या रांगेतल्या एका ठणठणीत माणसाच्या कोपरावर पाणी चोळलं. कोपर लाल झालं.

"श्रद्धा नसेल तर शक्ती कोपते!" बाबा ओरडला. काही जण हसले, काही उठून गेले. बरेचसे बसूनच राहिले.

ताई त्या मुलीपाशी वाकायला गेली. वाकता आलं नाही. उभ्यानेच म्हणाली, "बाळ, लाल झालं म्हणजे बरं झालं असं नसतं. औषध सोड म्हणणाऱ्याला आधी विचार, का? पटेल असं उत्तर मिळेपर्यंत गुडघा त्याच्या हाती देऊ नकोस."