साहेबांचा पांढरा कोंबडा

कंपनीचा साहेब पांढरा कोंबडा काखेत धरून गावच्या ढोलघरात, म्हणजे गावाची बैठक भरते त्या मोठ्या घरात शिरला, तेव्हाच पेत्रोनेलाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ज्वालामुखीच्या उतारावर बोअर मारून वाफेवर वीज काढायची, म्हणून ही माणसं वर्षभर गावाची जमीन मागत होती आणि इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरचं हे गाव त्यांना दाद देत नव्हतं. पण पाहुण्याचा पांढरा कोंबडा घरच्या वडीलधाऱ्यानं हातात घेतला की त्याची मागणी मान्य झाली, हा इथला रिवाज ह्या जकार्तावाल्याला सांगितला कोणी?

ढोलघराचा वडीलधारा म्हणजे तादेउसमामा. त्यानं लगबगीनं दोन्ही हात पुढे केले.

"थांबा मामा! कोंबडा कुठला, ते तरी विचारा," पेत्रोनेला म्हणाली.

"शहरातल्या बाजारातला," साहेब म्हणाला.

"ऐकलंस? उगाच फाटे फोडू नकोस, पोरी!" मामा खेकसला.

"मग सोडा की खाली. परका आहे, बसेल बावरून कोपऱ्यात."

मामा "अहो, नको" म्हणेपर्यंत साहेबानं हसत सोडलासुद्धा. कोंबड्यानं पंख झटकले, तो पायऱ्या उतरला, अंगण ओलांडून ऐटीत चालत गेला आणि तादेउसमामाच्या खांबांवर उभ्या घराखालच्या दांडीवर, बाकीच्या कोंबड्यांमध्ये जाऊन बसला.

मामाचे हात अजून पुढेच होते.