दहा मिनिटं चालणारं मशीन

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतोय, आणि तेही एकाच जातीचे: स्क्रीन, बोर्ड, डिस्क, सगळं एका डब्यात बसवलेले. वर हातात धरायला मूठ, मागे एक वायर, झालं. उचला आणि चालू पडा. या डिझाइनला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं.

आणि नावं ठेवणारा माझ्या घरातच होता. माझा मुलगा.

"बाबा, दिसायला देखणं आहे, कबूल," तो म्हणायचा. "पण स्क्रीनची तापणारी ट्यूब आणि नाजूक बोर्ड एकाच पोटात कोंबायचे, आणि वर पंखा द्यायचा नाही. का? तर आवाज होतो! म्हणजे मशीन उकडून मेलं तरी चालेल, खोलीत शांतता पाहिजे."

"ज्यानं बनवलं तो मूर्ख नव्हता."

"मूर्ख नव्हता, हट्टी होता. तुमच्यासारखा."

हे दर रविवारी. शेजारचे निवृत्त मास्तर खास ऐकायला यायचे. चहाचा कप घेऊन खुर्ची ओढून बसायचे आणि विषय थंडावतोय असं दिसलं की हळूच काडी टाकायचे. खरं भांडण सुट्या भागांवरून होतं. माझं म्हणणं, मशीन कारखान्यातून जसं आलं तसंच ठेवावं. याची ट्यूब त्याला, त्याची डिस्क याला, असलं केलं की ते मशीन राहत नाही. मुलाचं बरोबर उलट. बंद पडलेली पाच घ्यायची आणि त्यातून एक चालतं करायचं. "चालत्या मशीनला कूळ विचारू नये, बाबा." मी त्याला भंगारशेठ म्हणायचो. त्याला त्या नावाचं कौतुकच होतं. त्याची आईसुद्धा जेवायला हाक मारायची ती "या भंगारशेठ" अशी.

माझ्या कपाटात, चादरीखाली, एक मशीन होतं. पंचवीस वर्षं जपलेलं, एकही भाग न बदललेलं. बोर्डावरची छोटी बॅटरी तेवढी काढून ठेवली होती, कारण ती जुनी झाली की फुटते आणि आतला रस झिरपून बोर्ड खातो. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ओरडून सांगतो: वापरत नसाल तर बॅटरी काढा!

सहा वर्षांपूर्वी पाच भंगारांतून मुलाचं एक मशीन होत आलं. सगळं जमलं, बोर्ड सोडून. तो माझ्या कपाटापाशी येऊन उभा राहिला.

"बाबा, तुमचा बोर्ड द्या ना. नुसता बसलाय."

"त्या गोधडीसाठी? हात लावशील तर याद राख."

मास्तर समोर बसले होते, म्हणून मी जरा जास्तच ताणलं. तो हसला, "राहिलं," म्हणाला. कुठूनतरी एक आजारी बोर्ड आणून बसवला. बटण दाबलं की टुंग असा आवाज यायचा, मशीन चालू व्हायचं आणि बरोबर दहा मिनिटांनी थिजायचं. मग हा खोलीतून ओरडायचा, "आई, अडकलं!" आणि ती स्वयंपाकघरातून, "अडकू दे, आधी जेवून घे."

तीन आठवड्यांनी त्याला ताप आला. नवव्या दिवशी तो गेला. एकोणतीस वर्षांचा होता. याच्यापुढे मला त्या दिवसांबद्दल काही सांगता येत नाही.

त्याचं मशीन टेबलावर तसंच राहिलं. आत बॅटरी होती. मला माहीत होतं. जगाला ओरडून सांगणाऱ्या मला माहीत नसणार? पण मागचे स्क्रू त्याच्या हातांनी आवळलेले होते. ते मी सैल करू? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मास्तरांनी एकदा भीत भीत विषय काढला, "बॅटरी तेवढी..." तर मी त्यांना घराबाहेर काढलं. दोन महिने त्यांनी तोंड दाखवलं नाही. अशी सहा वर्षं गेली.

मागच्या आठवड्यात बायको कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. डावा कान कधीच गेला होता, आता उजवाही जाणार म्हणे. दारात चपला काढता काढता ती म्हणाली, "अहो, त्याचं मशीन एकदा लावाल? तो आवाज ऐकायचाय. ऐकू येतंय तोवर."

सहा वर्षांत तिनं माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला. पहिलाच स्क्रू निघेना. इतका आवळलेला, गाढवानं! शंभरदा सांगितलं होतं, बेतानं आवळ, प्लास्टिक तडकेल. चारही काढून बशीत ठेवले.

मागचं झाकण ओढलं आणि वास आला. बॅटरी फुटली होती. बोर्डावर हिरवट पांढरा थर चढलेला, चिपांचे पाय गंजून गेलेले. वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं हातानं बसवलेला बोर्ड मी सहा वर्षं नुसता बसून मारला. मी खाली जमिनीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

झाकण बाजूला ठेवायला गेलो तर आतल्या बाजूला त्याचं अक्षर. कुठला भाग कुठून घेतला ते मार्करनं लिहिलेलं. ही माझीच शिस्त. दुरुस्ती केली की आत तारखेसकट लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्याला कळतं. भागांबद्दल त्यानं माझं एक ऐकलं नाही, पण हे मात्र पाळलं होतं. ट्यूब शाळेच्या अडगळीतली. डिस्क बंद पडलेल्या छापखान्याची. आणि सगळ्यात खाली:

"बोर्ड तात्पुरता. बाबांचा बसवायचा. देतील."

मी तोंडावर नाही म्हटल्यावर लिहिलं होतं हे त्यानं. खालची तारीख माझ्या नकारानंतरची होती.

मी उठलो, कपाट उघडलं, चादर बाजूला फेकली. पंचवीस वर्षं जपलेलं मशीन उघडून बोर्ड काढायला मला पंधरा मिनिटं लागली. वाटलं होतं जीव तुटेल. काहीही झालं नाही. बोर्ड होता तो, दुसरं काय!

त्याच्या मशीनमधली घाण साफ केली, बोर्ड बसवला, स्क्रू न लावता झाकण नुसतं बसवलं आणि हिला हाक मारली. ऐकू गेली नाही. जाऊन खांद्याला हात लावला. ती ओल्या हातांनीच आली आणि उजवा कान मशीनजवळ नेऊन वाकून उभी राहिली. मी बटण दाबलं.

टुंग.

तिनं डोळे मिटले. "हाच," म्हणाली.

स्क्रीन उजळली. चित्र जरासं डावीकडे कललेलं, त्यानं सोडलं होतं तसंच. ती खुर्चीवर बसली, मी स्टुलावर. ती एकसारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. का, ते मला आधी कळलंच नाही. पाच मिनिटं झाली. दहा झाली. बारा झाली.

"आता अडकत नाही हो," ती म्हणाली.

"नाही. बोर्ड चांगला आहे."

"तेव्हाही चांगलाच होता ना?"

"हो."

 हात पुसत ती म्हणाली, "एवढंच मागत होता हो तो."

  मी मशीन बंद करायला हात पुढे केला तर तिनं तो धरला. "राहू दे चालू."

संध्याकाळी ती उठून गेल्यावर मी मशीन बंद केलं, झाकण काढलं आणि मार्कर घेतला. त्याच्या ओळीखाली लिहिलं, "बोर्ड बाबांचा. बसवला." पुढे तारीख घालायचा माझाच नियम. त्याच्या तारखेखाली सहा वर्षांनंतरची तारीख घालायला हात धजेना. तशीच जागा सोडली आणि चारही स्क्रू बेतानं आवळले.