गवतातली ऊब

बाणाच्या तीन पिसांपैकी एक स्वच्छ लाल झालं होतं. उरलेल्या दोन पिसांचा रंग मात्र आर्डिसला काही केल्या ठरवता येत नव्हता. काळपट म्हणावा तर काळपट, तपकिरी म्हणावा तर तसाही... अंगठ्याने पुसलं की लाल दिसायचं आणि पानांतून येणाऱ्या उन्हात धरलं की पुन्हा ते आपलं कसंतरीच. हरणीच्या आरपार जाऊन बाण मातीत रुतला होता, त्यामुळे थोडी माती, थोडा ओकच्या पानांचा चुरा, आणि एक आखूड केस त्याला चिकटला होता — तो पाठीचा की पोटाचा, हेही धड कळेना. आता नाक असतं तर एका क्षणात निकाल लागला असता. पण तिला वास येणं दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात गेलं ते गेलंच. तेव्हापासून बाण हुंगायचं काम तिच्या नवऱ्याचं, ऑर्लिनचं. बाण त्याच्यापुढे धरायचा, तो डोळे मिटून वास घ्यायचा आणि सांगायचा — चल, किंवा थांब.

ऑर्लिन खाली घरात पडून होता. अर्धं अंग आणि सगळं बोलणं उन्हाळ्यात लकव्याने गेलं होतं.

नियम तिला पाठ होते, शिकवणारा तोच. रक्त गुलाबी, फेसाळ असलं तर फुप्फुस. थर्मासमधली कॉफी संपवायची आणि निघायचं. काळपट असलं तर कलेजी. दुपार होऊ द्यायची. आणि आंबूस वास आला, हिरवट कण दिसले, तर बाण पोटातून गेला. मग दिवस मावळेपर्यंत त्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही. जखमी जनावर लांब जात नाही, जवळच कुठेतरी बसतं. त्याला बसू द्यायचं. मागे लागलात की ते उठतं, आणि एकदा उठवलेलं जनावर मग कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही.

हरणी पळालीही नव्हती. पाठ कमानीसारखी करून, शेपूट खाली घालून, चालत गेली होती — बाजाराला निघालेल्या म्हातारीसारखी — आणि उताराच्या टोकाला शेजारच्या ड्वेनच्या कुंपणाखालून पलीकडच्या झुडपात शिरली होती. म्हणजे फुप्फुस नाहीच. कलेजी नाहीतर पोट.

आणि आर्डिसला हवी होती ती कलेजीच. मांस नको होतं, मांस ड्वेनने दिलं असतं. हंगामातल्या पहिल्या हरणाची कलेजी, त्याच दिवशी, लोण्यात कांदा परतून — लग्न झाल्यापासून ऑर्लिनने एक वर्ष चुकवलं नव्हतं, अगदी त्याच्या आईच्या दफनाच्या आठवड्यातसुद्धा. या महिन्यात त्याने खाणं सोडलं होतं. चमचा ओठांना लागला की ओठ मिटायचे. पोटात नळी घालायची का, ते उद्या सकाळी कळवा, असं नर्स सांगून गेली होती. आवाज इतका मऊ ठेवून, की आर्डिसला तिला हाकलून द्यावंसं वाटलं होतं. पण परवा आर्डिस भिंतीवरून धनुष्य काढत होती तेव्हा ऑर्लिनने मान वळवली. घशातून आवाज काढला. तोंड हललं, चघळल्यासारखं. मी पाहिलंय, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय... कलेजीचा वास घरात सुटला की तो खाईल. एक घास खाल्ला की दुसरा खाईल. मग कसली नळी आणि कसलं काय.

फक्त हवा वैऱ्यासारखी वागत होती. ऑक्टोबर संपत आला तरी ऑगस्टसारखं उकडत होतं, माश्या घोंगावत होत्या. अशा हवेत सगळ्यात आधी नासते ती कलेजी. संध्याकाळपर्यंत थांबलं तर हरणी मिळेल, पण कलेजी फेकून द्यावी लागेल. आत्ता गेलं तर कदाचित हरणीच मिळणार नाही. त्यात पश्चिमेला आभाळ भरत चाललेलं. पाऊस आला की रक्ताचा माग धुऊन गेलाच म्हणून समजा.

कुंपण ओलांडायचं तर विचारलं पाहिजे. तिने ड्वेनला फोन लावला. तो मक्याच्या कापणीवर होता, मागे यंत्र धडधडत होतं. जा की, विचारतेस काय, म्हणाला. शिवाय तुझ्या नेमाची मला भीती नाही, माझ्या गायी पलीकडच्या रानात आहेत. मग यंत्र बंद झालं.

"आर्डिस, बाण कसा आहे?"

"कळत नाहीये."

"मग बस गप. ऑर्लिन तुला कॉफी संपेपर्यंत मचाणावरून उतरू देत नव्हता, आठवतंय ना?" थोडं थांबून तो म्हणाला, "त्यालाच विचार ना. बोलता येत नसेल, पण नाक आहे त्याचं."

हे आपल्याला कसं सुचलं नाही, याचाच तिला राग आला. उतारावरून ती जवळजवळ धावतच घरी आली.

ऑर्लिनची बहीण मर्ना सकाळपासून त्याच्यापाशी बसली होती. मांडीवर ओटच्या लापशीचा वाडगा, वर साय धरलेली. आर्डिस बुटांसकट आत आली, पलंगावर वाकली आणि रक्ताळलेला बाण तिने त्याच्या नाकाशी धरला. मर्ना खुर्चीतून उठली. आजारी माणसापुढे हे काय आणून धरलंयस, पांघरुणाला डाग पडतील, तुझं डोकं ठिकाणावर आहे का — सगळं ती हळू आवाजात बोलली, चर्चमध्ये बोलावं तसं.

ऑर्लिनने डोळे मिटले. नाकपुड्या हलल्या. कित्येक दिवसांत त्याचा चेहरा इतका जागा दिसला नव्हता. चांगल्या बाजूच्या भुवईवर ती जुनी आठी पडली, आणि आर्डिसचा जीव तिथेच, त्या आठीपाशी, अडकून राहिला. मग त्याचा उजवा हात पांघरुणातून निघाला, तळवा खाली करून सावकाश दाबला गेला. एकदा. पुन्हा एकदा.

यात शंकेला जागा नव्हती. या मचाणावरून त्या मचाणावर, रानात तोंडातून शब्द न काढता, सगळा संसार त्यांनी हीच खूण केली होती. थांब. अजून थांब.

ती बसली. मर्नाच्या हातून वाडगा घेतला. त्याने वास ओळखला होता, तो इथे होता, शाबूत होता, मग खायला काय झालं... तिने चमचा ओठांना लावला. ओठ मिटलेले. तिने जरा जोर दिला, चमचा दातांवर वाजला. थोडंच, एवढंच, माझ्यासाठी. लापशी हनुवटीवरून ओघळली आणि ऑर्लिनने तोंड फिरवलं — रागाने नव्हे, नुसतं फिरवलं, भिंतीकडे. ती पलंगाला वळसा घालून पलंग आणि भिंतीमधल्या फटीत शिरली, चमचा घेऊन. त्याने तोंड इकडे केलं.

"पुरे," मर्ना म्हणाली.

खिडकीतला उजेड राखी झाला होता. आर्डिसने वाडगा ठेवला.

"तो थांब म्हणाला ना तुला?"

"पाऊस थांबणार आहे का माझ्यासाठी?" आर्डिस म्हणाली आणि निघाली.

कुंपणापलीकडे माग सोपा होता. गवताच्या पात्यावर एक थेंब, मग बऱ्याच अंतराने दुसरा, मग एका दगडावर बोटाएवढा डाग. ती वाकून, एकेका थेंबाशी थांबून पुढे सरकत होती, पाऊल न वाजवता. आपण सावकाश चाललोय, म्हणजे ही काही घाई नव्हे, असं स्वतःला समजावत होती. ऑर्लिनही असाच निघाला असता. वास कितीसा येणार त्याला, ओळखायला चूक झाली असेल, आजारी माणूस... लोणी संपलं तर नाही ना? कांदे आहेत. एक घास. मला बाकी काही नको.

झुडपांच्या आत, उंच गवतात, गवत गोल दबलेलं होतं. मधोमध रक्त, काळपट, त्यात हिरवे कण. तिने हात टेकवला.

गवत गरम होतं.

आत्ता, या क्षणापर्यंत हरणी इथे होती. पाय पोटाशी घेऊन, मान जमिनीला टेकून. इथेच, या आडोशाला, कुणी उठवलं नसतं तर कुणाला न कळता तिचं संपलं असतं. पुढे गवत हललेलं दिसत होतं, ओढ्याच्या दिशेने, आणि रक्त आता जास्त पडलं होतं. उठून चालायला तिला किती कष्ट पडले असतील ते त्यावरून स्वच्छ दिसत होतं.

मी उठवलं. मीच.

आणि मग ते आलं, ती अडवू शकण्याआधीच. मोठ्या इस्पितळातून दुसऱ्यात, तिथून व्यायाम करून घेणाऱ्यांकडे, तिथून घरी. उठ ऑर्लिन, बस ऑर्लिन, तोंड उघड. आणि उन्हाळाभर तो बसायला जागा शोधत होता. दरवेळी त्याने जरा आडोसा पाहून अंग टाकलं की ती मागून पोचायची, हातात काहीतरी घेऊन, मायेने... मायाच होती ती. त्यात खोटं काही नव्हतं. ती मोठ्याने रडली नाही, पण तोंडातून हुंदक्यासारखं काहीतरी निघालं आणि लगेच तिने तोंडावर हात दाबला. हरणीला ऐकू गेलं असतं.

पावसाचे पहिले थेंब पानांवर वाजायला लागले. आता एकच गोष्ट करण्यासारखी होती — धावायचं. उठवलेली आहेच, माग धुऊन जातोय, आता थांबण्यात काय राहिलंय. ड्वेननेही हेच सांगितलं असतं. तिने उठायला गुडघ्यावर हात ठेवला. तसाच ठेवून ती बसून राहिली. समोरचा माग फिकट होत होता, आणि सकाळपासून तिला उभी ठेवणारी ती घाई ती आपल्या आत चाचपडत होती. घाई होती त्या जागी आता काहीच नव्हतं. घाबरून ती पुन्हा पुन्हा शोधत राहिली.