चपलांचा नंबर

भालकीच्या त्या दवाखान्याच्या भिंतीवर तांबड्या रंगात लिहिलं होतं, ‘चपला बहेर काडावे.’ तीन शब्दांतले दोन चुकलेले, आणि इतकी वर्षं झाली तरी ती पाटी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पण चुका रंगाऱ्याच्या होत्या, त्या मी सोडून दिल्या. पाटीखाली जी चपलांची रांग लागायची, तिचा राग मात्र अजून गेलेला नाही.

म्हैसूरचं कर्नाटक झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. ज्वारीची खळी चालली होती. माझ्या सासूबाई, वच्छलाबाई, खळ्यात धान्य वाऱ्यावर धरत होत्या. भुसाचा कण उडून त्यांच्या डाव्या डोळ्यात गेला. उजव्यात आधीच मोतीबिंदू उतरला होता. सुईत दोरा ओवायचा, डाळीतले खडे वेचायचे, सगळं डाव्या डोळ्यावर चालायचं. दोनेक दिवसांत तो लालभडक झाला आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला. गावात कुणी म्हणालं मध घाला, कुणी म्हणालं बाळंतिणीचं दूध घाला. मी म्हटलं, भालकीला जायचं.

तिथं उदगीरहून डोळ्यांचे डॉक्टर दर गुरुवारी येत आणि दुपारच्या बसनं परत जात. आम्ही गावातून निघणाऱ्या पहिल्या बसनं पोचलो. दारात चपलांची लांब रांग होती, माणसं लिंबाखाली सावलीला बसली होती. पाटीवर लिहिलंय म्हणून लोकांनी चपला काढल्यात, असं मला वाटलं. आम्हीही जाऊन बसलो. माणसं एकेक करून आत जात होती. आमच्या मागून आलेली दोघं जाऊन आली, तेव्हा मी उठून कंपाउंडरकडं गेले. त्याचं नाव मल्लिकार्जुन.

“अक्का, चप्पल कुठंय?” त्यानं विचारलं.

“चप्पल कामून?”

“नंबर चपलीचा असतोय. पेशंटची चप्पल रांगेत पायजे.”

“त्या चप्पल घालत न्हाईत.”

“मग नंबर कसा लागंल?”

आमच्याकडं त्या पिढीतल्या बायका सासऱ्या-दिरांपुढं चप्पल घालत नसत. पुढं सासरे गेले, दीर गेले, पण अनवाणी चालायची सवय राहून गेली. वच्छलाबाईंच्या पायांनी अख्खं आयुष्य ढेकळं तुडवली, आणि त्या पायांना भालकीत किंमत नव्हती. मी माझी चप्पल काढून शेवटी ठेवली. ती पुढं सरकत सरकत मधोमध आली, तोवर डॉक्टर बॅग उचलून बसस्टँडकडं निघाले.

“पुढच्या बेस्तरवारी या,” मल्लिकार्जुन म्हणाला. “लवकर या.”

माझं माहेर राजेश्वरचं. माझ्या लहानपणी तिथं एक हकीम होते. त्यांच्या ओट्यावर नंबर नसायचा. ते बाहेर येऊन विचारत, “जास्त कुणाला दुखतंय?” आणि लोक खरं सांगत. हे मी परत जाताना बसमध्ये सासूबाईंना सांगितलं. त्या पदराचा बोळा डोळ्यावर दाबून बसल्या होत्या.

त्या आठवड्यात त्यांना धड झोप नव्हती. ठिपका वाढत गेला.

पुढच्या गुरुवारी आम्ही दुधाच्या गाडीतून गेलो, पहाटेच. दवाखान्याला कुलूप होतं. माणूस एक नव्हता, आणि चपला हजर. गावातले लोक आदल्या संध्याकाळीच आणून ठेवत आणि घरी जाऊन झोपत. एक तर तुटक्या अंगठ्याची एकटीच चप्पल होती, दुसऱ्या पायाचा पत्ता नाही. मी माझी चप्पल मागं लावली.

ऊन चढलं, डॉक्टर आले. रांग हलू लागली. तेवढ्यात बाजारातल्या कापडदुकानाचा गडी आला, काखेतून एक कोरी चप्पल काढली आणि आमच्या पुढं चार-पाच चपला सोडून मध्ये सरकवली.

“ही कुणाची?” मी विचारलं.

“बाबूलालशेटची.”

“शेट कुठं हायत?”

“दुकानात. गिऱ्हाईक हाय. येतील की.”

मी मल्लिकार्जुनकडं पाहिलं. त्यानं पाटीकडं पाहिलं, जणू ती आज नव्यानं वाचतोय. मी चिडून बोलायला लागले, तर म्हणतो, “अक्का, वरडू नका, आत डॉक्टर हायत.”

सासूबाईंनी हे सगळं ऐकलं होतं. त्या भिंतीला हात लावत उठल्या. मला वाटलं, पाणी प्यायला चालल्या. त्या सरळ रांगेकडं गेल्या आणि एका टोकापासून चालू लागल्या. पाय जमिनीवरून घासत, डावीकडं एक, उजवीकडं एक. कोरी चप्पल गटारीच्या काठाला जाऊन पडली. तुटक्या अंगठ्याची कुठं गेली ते दिसलंच नाही.

“ओ म्हातारे, काय करायलीस? दिसत न्हाई का?” मल्लिकार्जुन धावला.

“दिसत न्हाई बाबा,” सासूबाई म्हणाल्या. “दिसत असतं तर तुझ्या दारात कामून आले असते?”

लिंबाखालचे लोक आपापल्या चपला शोधायला उठले. कुणाची कुठली यावर बाचाबाची झाली. ज्याला जी सापडली ती त्यानं पायात घातली. उरलेल्या चपलांना माणूसच नव्हतं. निम्म्याहून जास्त तशा होत्या, धुळीत उपड्या पडलेल्या.

“आता नंबर कसा सांगू मी?” मल्लिकार्जुन कपाळाला हात लावून म्हणाला.

सासूबाई तोवर दारात पोचल्या होत्या. “मी उभी हाय की. माझ्यापासून सांग.”

आप्पाराव नावाचे एक म्हातारे शेतकरी सकाळपासून आमच्या पुढं बसले होते. ते हसले. “जाऊ दे रे तिला. तिचा डोळा बघितलास का?”

मल्लिकार्जुन बाजूला झाला.

डॉक्टरांनी पापणी उलटून बराच वेळ पाहिलं. मग माझ्यावरच खेकसले, “बाई, इतके दिवस घरी काय करत होता? मागच्या गुरुवारी आणलं असतं तर डोळा वाचला असता. आता बुबुळावर फूल पडलंय. जखम भरेल, नजर येणार नाही. उजव्याचं ऑपरेशन करून घ्या लातूरला.”

“मागच्या गुरुवारी आलो होतो,” मी म्हटलं.

“मग दाखवलं का नाही?”

मी दाराकडं बोट केलं. बाहेर मल्लिकार्जुन वाकून पुन्हा रांग लावत होता. बाबूलालशेटची कोरी चप्पल त्यानं धोतरानं पुसून सगळ्यांत पुढं ठेवली. डॉक्टरांनी पाहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

बसमध्ये सासूबाईंच्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. गाव जवळ आलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, “राजू, उजव्यानं धुकट दिसतंय मला अजून.”

“बरं झालं आत्याबाई.”

“चपला दिसत होत्या.”

त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या.

“गेल्या बेस्तरवारीच लाथाडायला पायजे होत्या,” त्या म्हणाल्या.