लांबट डोळा

जाईबाईनं हनुवटी लोखंडी पट्टीवर टेकवली आणि कपाळ वरच्या पट्ट्याला लावलं. समोरच्या नळीत उजेडाचं एक गोल कडं दिसत होतं. पलीकडून डॉक्टर एक डोळा मिटून चाक फिरवत होते.

"पापणी हलवू नका बाई. नळीतच बघा."

ती बघत राहिली. कुणी एवढा वेळ तिच्या डोळ्यांत बघितल्याला बरीच वर्षं झाली होती.

मग डॉक्टरांनी खोलीत अंधार केला, डोळ्यांवर बारीक उजेड फिरवत एकामागून एक काचा लावून पाहिल्या.

"जवळचं दिसतं?"

"दिसतंय की. ज्वारीतला खडा सापडतुय. मालकास्नीच वाटतंय नजर गेलीया."

नवरा धोंडिराम मुंबईला गिरणीत होता. गेल्या सुट्टीत तो गावी आला, तेव्हा दहिवडीच्या स्टँडवर ती त्याच्या समोरून तशीच पुढं निघून गेली होती. परत जाताना त्यानं सांगलीच्या या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. ती एकटीच आली होती.

"बुबुळाचा बाक बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे डोळाच मागं लांब आहे. चेंडूसारखा गोल हवा, तुमचा अंड्यासारखा लांबट. दूरचं चित्र आतल्या पडद्याच्या अलीकडंच राहतं. लहानपणापासून असणार हे."

त्यांनी नऊ नंबरच्या काचांची जड चौकट तिच्या नाकावर बसवली आणि दार उघडलं.

व्हरांड्याच्या पार टोकाला बाकावर माणसं बसली होती. एका बाईनं पलीकडच्या बाकावरच्या बाईकडं बघून नुसत्या भुवया उडवल्या. ती दुसरी हसली. दोघींच्या तोंडून शब्दही निघाला नव्हता.

"एवढ्या लांबनं माणसं एकमेकांची तोंडं बघत्यात?"

"बघतात की."

"समद्यांनाच दिसतं?"

"सगळ्यांना."

डॉक्टर चौकट काढायला आले, तरी तिनं ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

चार वर्षांपूर्वीच्या दुष्काळात ती आणि शेजारची चंद्राबाई एकाच ढिगावर खडी फोडायच्या. भाकरीही एकाच फडक्यातली खायच्या. जाईबाई चार दिवस माहेरी गेली आणि तेवढ्यात चंद्राबाईचा धाकटा तापानं गेला. जाईबाई परतली ती थेट कामावर. तिला काहीच माहीत नव्हतं. चंद्राबाई त्या दिवशी समोरच्या ढिगापाशी येऊन उभी राहिली. जाईबाईनं मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि हातोडी मारत राहिली. संध्याकाळी बातमी कळल्यावर ती धावत गेली, पण दार उघडलं नाही.

"माझ्याकडं बघितलं आन् मान फिरवली," चंद्राबाई सगळ्यांना सांगत होती. जाईबाईला तो निव्वळ आळ वाटला. तीही हटून बसली. पुढं गावातल्या बायकाही तिला ताठ म्हणू लागल्या आणि हळूहळू तिच्याशी बोलायच्या थांबल्या.

आठ दिवसांनी ती पुन्हा सांगलीला जाऊन चष्मा घेऊन आली. घरी न जाता पिशवीसकट चंद्राबाईच्या अंगणात गेली. चंद्राबाई शेंगा फोडत बसली होती.

"चष्मा लागला व्हय?" तिनं वर बघून विचारलं.

"व्हय." जाईबाई अंगणाच्या कडेलाच थांबली. "डोळाच लांबट हाय म्हनं माझा. जन्मापास्नं. तवा खडीवर तू मला दिसलीच न्हाईस, चंद्रे. कुनीतरी बाई उभी हाय, एवढंच दिसलं."

चंद्राबाईचा हात शेंगांत तसाच राहिला.

"तू खोटं बोललीस आसंच मी धरून चाललेली. चार वर्सं."

चंद्राबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"काढ त्यो चष्मा."

"का गं?"

"आशी बघू नगंस माझ्याकडं. लय खराब झालीया मी."

जाईबाईनं चष्मा काढला. अंगण, भिंत, चंद्राबाई, सगळं एकात एक मिसळून गेलं. ती पुढं चालत गेली, शेंगांजवळ खाली बसली आणि तो चेहरा नीट दिसेपर्यंत वाकत राहिली.

चंद्राबाई मागं सरली नाही.