गोणपाटातला डबा

सहादेवच्या दुकानावर पाटी होती, ‘मजबूत गव्हाणी मिळतील’, आणि पाटीखालीच त्याच्या हातच्या पत्र्याच्या गव्हाणी गंजत पडल्या होत्या. आता बोला! गुरांचं मूत, ओली वैरण, दोन वर्षांत पत्र्याची चाळण. दोष कारागिराचा नव्हे, पण गिऱ्हाईक काय, गंजाला थोडंच बोलणार?

अशात दूध संस्थेचे माधवराव आले. म्हणाले, “सहादेव, इथून पुढं सभासदांना फायबरच्याच गव्हाणी. पारनेरात शिबिर हाय, शिकून घे. शेवटी ज्याची गव्हाण टिकंल, त्याला दोनशे गव्हाणींचं काम.”

बावीस वर्षं पत्रा ठोकलेला माणूस, पण करतो काय? दुकान चालणार की कुलूप लागणार, ते एका गव्हाणीवर येऊन ठेपलं.

शिबिर एका रिकाम्या गोदामात भरलं. नऊ कारागीर आणि शिकवायला पुण्याच्या निवेदिता मॅडम. काम दिसायला सोपं. साच्यावर काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, वर रेझिन, म्हणजे काकवीसारखं चिकट रसायन, लावायचं, रोलर फिरवून हवेचे फुगे काढायचे, की पुढचा थर. रेझिन घट्ट व्हावं म्हणून त्यात हार्डनर घालायचा, तोही तक्त्यात बघून, मोजून. “गर्मी जास्त तर हार्डनर कमी,” मॅडम बजावत होत्या, “आणि गर्मी रेझिनची बघायची, खोलीची नाही.”

पहिल्याच दिवशी सहादेवनं शेण खाल्लं. “एवढुशानं काय हुतंय?” म्हणत दुप्पट हार्डनर ओतला. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! बघता बघता डबा तापला, धूर निघाला आणि रेझिनचा दगड झाला. ब्रश आत उभाच्या उभा.

“काका, ब्रशची समाधी बांधली का वो?” सुप्याचा तरणा वेल्डर ओंकार ओरडला. अख्खं गोदाम हसलं. सहादेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी बायकोनं, सत्यशीलेनं, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. “आवं, उन्हाळ्यात इरजण कमी घालत्यात, हे शेंबड्या पोराला कळतं! आन् आदी बोट बुडवून बघत्यात, दूध किती ऊन हाय ते. मग घालत्यात.”

सहादेवच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

परीक्षेचा दिवस उजाडला तो असा तापलेला की कावळेसुद्धा सावलीत गप्प. रेझिनचं पिंप टेम्पोतून उतरवून सकाळपासून उन्हात पडलेलं. त्यातूनच ज्यानं त्यानं आपापला डबा भरून घेतला. थर्मामीटर मात्र आत, कुलरच्या पुढ्यात टांगलेला. बाकीच्या आठही जणांनी तो वाचला, तक्ता बघितला, हार्डनर ओतला आणि कामाला जुंपले. ओंकार तर शीळ घालत होता.

सहादेवनं आपल्या डब्याला हात लावला. चटका बसला! तो सरळ आत गेला, थर्मामीटर काढला, डब्याला टेकवला. पारा कुठल्या कुठं चढला. मग त्यानं आपल्या गाडीवरचं गोणपाट भिजवलं, दुधाच्या कॅनला गुंडाळतात तसं डब्याभोवती गुंडाळलं, वर झाकण ठेवलं आणि सावलीत मांडी घालून बसला.

“काका, दही लावताय व्हय?” ओंकारनं टोमणा मारला.

“व्हय रं बाबा,” सहादेव म्हणाला, “दहीच लावतोय.”

मॅडम लांबून बघत होत्या. परीक्षा होती म्हणून गप्प होत्या एवढंच.

अर्ध्या तासात ओंकारच्या डब्यातून धूर आला. कुणाचा दुसरा थर सुकून उचकटला, कुणाचा रोलर चिकटून बसला. डबा निवाल्यावर सहादेव उठला. पुन्हा गर्मी बघितली, तक्ता बघितला, थोडं थोडं रेझिन काढून त्यात थेंब मोजून हार्डनर कालवला आणि एकेक थर सावकाश बसवला. फुगा म्हणून राहू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माधवराव आले. परीक्षा साधी होती. गव्हाण ट्रॉलीवरून खाली ढकलायची, मग पाणी भरायचं. ओंकारच्या गव्हाणीचे पापुद्रे सुटले. दोन फुटल्या, बाकीच्या पाझरल्या. सहादेवची गव्हाण धाडकन आदळली, एक टप्पा खाऊन सरळ बसली. काठोकाठ पाणी भरलं. माधवरावांनी खाली वाकून चहूबाजूंनी हात फिरवला. हात कोरडा!

“दोनशे गव्हाणी तुझ्या, सहादेव!”

ओंकारनंच त्याला मिठी मारली. “काका, जिकलंत! मला बी घ्या कामाला.”

“सहादेवराव,” मॅडम म्हणाल्या, “मी नऊ दिवस घसा कोरडा केला, ते तुम्हालाच कसं पटलं?”

“आमच्या मंडळींनी पटवलं,” त्यानं निकाल बघायला येऊन दारात उभ्या राहिलेल्या सत्यशीलेकडं बोट केलं.

“मग पुढच्या वेळी हा धडा तुम्ही दोघांनी शिकवायचा.”

“यीन की!” सत्यशीला खणखणीत आवाजात म्हणाली. “पर आदी ह्यांना घरचं दही लावाय शिकवा. आजून लागत न्हाई ह्यांच्या हातनं!”

अख्खं गोदाम पुन्हा हसलं. या खेपेला सगळ्यांत मोठ्यानं सहादेवच हसत होता.